कर्त्या पुरुषाचा ताळेबंद

दिवाळीच्या सुट्टीत सिंगापूर-मलेशियाची सहल करून येणारी मराठी कुटुंबे आता थोडीथोडकी राहिलेली नाहीत. ही मंडळी परतली, की फराळाच्या ताटाभोवती जे बोलणे निघते ते मी बरीच वर्षे ऐकत आलो आहे. क्वालालंपूरचे जुळे मनोरे, तिथला विमानतळ, गुळगुळीत रस्ते आणि त्यांच्याशेजारी आपल्या म्युनिसिपालिटीचे खड्डे, अशी तुलना होते. शेवटी कुणी तरी गृहस्थ चिवड्याचा बकाणा भरता भरता निकाल देऊन टाकतात : "अहो, आपल्याकडे असा एखादा महाथीर हवा होता. खमक्या माणूस! कुणाची पत्रास ठेवली नाही, म्हणून हे झाले." बाकीचे माना डोलावतात. माना डोलावणाऱ्यांत वकील असतात, प्राध्यापक असतात, आणि ज्यांच्या वडिलांनी आणीबाणीत तुरुंग पाहिला असे लोकही असतात. या लेखाचा रोख त्या माना डोलावण्यावर आहे.

आरंभीच एक गोष्ट प्रांजळपणे सांगून टाकतो. महाथीर मोहम्मद हे काही सामान्य गृहस्थ नव्हेत. १९८१ ते २००३ अशी बावीस वर्षे, आणि पुन्हा २०१८ ते २०२० अशी जवळजवळ दोन वर्षे ते मलेशियाचे पंतप्रधान होते. दुसऱ्यांदा शपथ घेतली तेव्हा त्यांचे वय ९२ होते. २०२५ च्या जुलैत त्यांनी शंभरी गाठली. अशा माणसाला चार शिव्या देऊन हातावेगळे करणे सोपे आहे, पण त्यातून निष्पन्न काहीच होत नाही. लोभी आणि आळशी राज्यकर्त्यापासून शिकण्यासारखे फार थोडे असते. शिकायचे ते कर्तबगार माणसाकडून. कारण त्याच्या चुका त्याच्या कर्तबगारीच्या आड दडून बसतात आणि पुढच्या पिढीच्या गळ्यात पडतात.

महाथीर हे केदाह राज्यातल्या अलोर सेतार गावच्या एका शाळामास्तरांचे चिरंजीव. आजोबा केरळातून तिकडे गेलेले. सिंगापूरच्या वैद्यकीय महाविद्यालयातून १९५३ मध्ये ते डॉक्टर झाले आणि १९५७ मध्ये, म्हणजे देश स्वतंत्र झाला त्याच वर्षी, त्यांनी आपल्या गावी स्वतःचा दवाखाना काढला. त्यांच्याआधीचे तिन्ही पंतप्रधान राजघराण्यातले किंवा सरदार घराण्यांतले होते. दवाखाना चालवून वर आलेला हा पहिलाच. 'उम्नो' या मलय लोकांच्या सत्ताधारी पक्षातर्फे ते १९६४ मध्ये संसदेत गेले, १९६९ मध्ये पडले. त्याच निवडणुकीनंतर, १३ मे १९६९ रोजी, क्वालालंपूरमध्ये मलय आणि चिनी यांच्यात भीषण दंगल उसळली. महाथीरांनी पंतप्रधान टुंकू अब्दुल रहमान यांना एक जळजळीत पत्र लिहिले : तुम्ही मलय जनतेचा विश्वास गमावला आहे, असा त्याचा मथितार्थ. पत्राच्या प्रती सर्वत्र फिरल्या आणि महाथीरांची पक्षातून हकालपट्टी झाली. १९७० मध्ये त्यांचे 'द मले डिलेमा' हे पुस्तक सिंगापुरात निघाले. मलेशियात त्यावर बंदी आली.

इथे वाचकाने क्षणभर थांबावे. मतभेदाचे पत्र लिहिले म्हणून पक्षाबाहेर फेकला गेलेला, आणि पुस्तक लिहिले म्हणून बंदी सोसलेला हा माणूस आहे. १९७२ मध्ये त्याला पक्षात परत घेतले जाते, १९७४ मध्ये तो शिक्षणमंत्री होतो, १९७६ मध्ये उपपंतप्रधान, आणि १६ जुलै १९८१ रोजी पंतप्रधान. बंदी म्हणजे काय ते ज्याने स्वतः भोगले, त्याच्या हाती आता बंदीचा अधिकार आला. त्याने काय केले? स्वतःच्या पुस्तकावरची बंदी १९८१ मध्ये उठवली. आरंभी काही स्थानबद्धांनाही सोडले, हेही नमूद केले पाहिजे. मग १९८४ मध्ये छापखाने व प्रकाशने यांचा कायदा आणला. वृत्तपत्राने दरसाल परवाना घ्यावा आणि तो देणे न देणे मंत्र्याच्या मर्जीवर असावे, अशी त्यात तजवीज होती. १९८६ मध्ये सरकारी गुपितांचा कायदा इतका कडक केला, की गुपित फोडणाऱ्याला किमान एक वर्ष तुरुंगात घालण्यावाचून न्यायाधीशाला गत्यंतर उरू नये. १९८७ च्या दुरुस्तीने परवान्याबाबतचा मंत्र्याचा निर्णय न्यायालयाच्या कक्षेबाहेर ठेवण्याची व्यवस्था झाली. ही तीन वर्षे आणि हे तीन कायदे ध्यानात असू द्यावेत. पुढे ते पुन्हा भेटणार आहेत.

आता महाथीरांच्या पक्षाची बाजू मांडतो, आणि ती शक्य तितक्या जोरकसपणे मांडतो. पूर्वेकडे पाहा, जपान-कोरियाकडून शिका, हे धोरण त्यांनी १९८२ मध्ये जाहीर केले; लंडनकडे तोंड करून बसण्याची सवय लागलेल्या देशात ही गोष्ट लहान नव्हती. १९८५ मध्ये 'प्रोटॉन सागा' ही देशी मोटार रस्त्यावर आली. त्याच वर्षी पेनांगचा पूल खुला झाला. १९९४ पर्यंत देशाच्या उत्तर टोकापासून दक्षिण टोकापर्यंत द्रुतगती मार्ग पुरा झाला. ४५२ मीटर उंचीचे मनोरे उभे राहिले, पुत्रजयासारखी नवी प्रशासकीय राजधानी वसली. सुलतानांना कायद्यापासून जे अभय होते ते त्यांनी १९९३ मध्ये काढून घेतले. भल्याभल्यांना हे धाडस झाले नसते. १९९७ च्या आशियाई आर्थिक संकटात थायलंड, इंडोनेशिया आणि कोरिया आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या दाराशी उभे राहिले. महाथीरांनी १ सप्टेंबर १९९८ रोजी भांडवलावर निर्बंध घातले आणि रिंगिटचा भाव डॉलरला ३.८० असा बांधून टाकला. अर्थपंडितांनी सर्वनाशाचे भाकीत केले. सर्वनाश झाला नाही. १९९९ मध्ये देश पुन्हा वाढीला लागला. हे श्रेय ज्याचे त्याला दिलेच पाहिजे.

पण जमेच्या या रकमांतही काही खोट आहे. प्रोटॉनला जकातीच्या भिंतीआड इतकी वर्षे जपले, की तिला बाहेरच्या वाऱ्याची सवयच लागली नाही. २०१७ मध्ये तिचा ४९.९ टक्के हिस्सा चिनी कंपनीला विकावा लागला, आणि त्याबद्दल सर्वांत जास्त हळहळ महाथीरांनीच व्यक्त केली. मलय लोकांना व्यापार-उद्योगात पुढे आणण्याचे धोरण १९७१ पासूनचे. ते न्याय्य कारणासाठी सुरू झाले होते, कारण स्वातंत्र्यानंतर तेरा वर्षांनीही मलय द्वीपकल्पातली सुमारे निम्मी कुटुंबे दरिद्री होती आणि त्यांत मलय कुटुंबांचा भरणा मोठा होता. दारिद्र्य झपाट्याने कमी झाले, हेही खरे. पण महाथीरांच्या काळात सरकारी उद्योगांचे खाजगीकरण झाले तेव्हा मोठी कंत्राटे निवडक लोकांच्या पदरात पडली, आणि ती निवड कोण करीत होते हे सर्वांना ठाऊक होते. २००२ मध्ये खुद्द महाथीरांनी तक्रार केली, की मलय लोक कुबड्यांनाच प्रतिष्ठा समजू लागले आहेत. तक्रार खरी होती. पण कुबड्या वाटणाऱ्याने एकवीस वर्षांनंतर ती करावी, हे जरा अजब आहे. महाथीरांच्या चरित्रात हा प्रकार वारंवार दिसतो. आपण पेरलेले उगवले, की ते आश्चर्याने पाहतात.

आता खर्चाची बाजू. एप्रिल १९८७ मध्ये उम्नोच्या अध्यक्षपदासाठी टुंकू रझाले हमझा त्यांच्याविरुद्ध उभे राहिले. महाथीरांना ७६१ मते पडली, रझालेंना ७१८. अवघ्या ४३ मतांचा फरक! काही असंतुष्ट सभासद न्यायालयात गेले : नोंदणी नसलेल्या शाखांच्या प्रतिनिधींनी मतदान केले आहे, सबब निवडणूक रद्द व्हावी. दरम्यान वांशिक तणाव वाढला आहे असे कारण देऊन २७ ऑक्टोबर १९८७ पासून 'ऑपरेशन लालांग' या नावाने धरपकड झाली. लालांग म्हणजे एक प्रकारचे उंच वाढणारे तण. विनाचौकशी स्थानबद्धतेच्या १९६० च्या अंतर्गत सुरक्षा कायद्याखाली शंभरांहून अधिक लोक आत गेले. त्यांत विरोधी पक्षनेते लिम किट सियांग होते, त्यांचे चिरंजीव लिम ग्वान एंग होते, वकील कर्पाल सिंग होते, सामाजिक कार्यकर्ते होते. तीन वृत्तपत्रांचे परवाने रोखले गेले. पुढे महाथीरांनी सांगितले, की हे पोलिसांच्या सांगण्यावरून झाले. त्या वेळी देशाचे गृहमंत्री कोण होते? तेही महाथीरच!

फेब्रुवारी १९८८ मध्ये उच्च न्यायालयाने असा निकाल दिला, की बेकायदा शाखांमुळे उम्नो हा पक्षच बेकायदा ठरतो. पक्ष कायद्याच्या दृष्टीने मेला. महाथीरांनी ताबडतोब नवा उम्नो काढला आणि विरोधकांना दाराबाहेर ठेवले. जुन्या पक्षाला जीवदान मागणारे अपील सर्वोच्च न्यायालयापुढे आले. लॉर्ड प्रेसिडेंट, म्हणजे तिथले सरन्यायाधीश, सालेह अब्बास यांनी ते नऊ न्यायाधीशांच्या पूर्ण पीठापुढे जूनमध्ये ठेवले. त्याआधी मार्चमध्ये संसदेने घटनेचे १२१ वे कलम दुरुस्त करून न्यायसत्ता न्यायालयांच्या ठायी आहे हे शब्दच काढून टाकले होते. आता न्यायालयांना तेवढाच अधिकार, जेवढा संसद देईल. पंतप्रधान न्यायसंस्थेवर जाहीर टीका करीत होते. त्याबद्दल सालेह अब्बास यांनी न्यायाधीशांच्या वतीने राजाला पत्र लिहिले. मे महिन्यात त्यांना निलंबित करण्यात आले. चौकशीसाठी जो लवाद नेमला त्याचे अध्यक्ष अब्दुल हमीद ओमर होते, म्हणजे सालेह गेल्यावर ज्यांना ती खुर्ची मिळायची होती तेच गृहस्थ. लवादाला अटकाव करणारा हुकूम देणारे पाच न्यायाधीशही निलंबित झाले आणि त्यांतले दोघे बडतर्फ झाले. ऑगस्टमध्ये सालेह अब्बास बडतर्फ झाले. अपील फेटाळले गेले. हमीद ओमर लॉर्ड प्रेसिडेंट झाले.

हे वाचताना मराठी वाचकाला न्यायमूर्ती हंसराज खन्ना आठवल्यावाचून राहणार नाहीत. एप्रिल १९७६ मध्ये त्यांनी एकट्याने निराळा निकाल दिला, की आणीबाणीतही माणसाचा जीव आणि स्वातंत्र्य सरकारच्या मर्जीवर नसते. जानेवारी १९७७ मध्ये त्यांना डावलून त्यांच्या कनिष्ठाला सरन्यायाधीश करण्यात आले. आपल्याकडे ही दुखापत झाली, पण दोन महिन्यांत मतदारांनी सरकारच बदलले. मलेशियात सरकार बदलायला आणखी तीस वर्षे लागली. तेवढ्या अवधीत न्यायाधीशांची एक संपूर्ण पिढी, डोके वर काढले तर काय होते, हे पाहून वाढली.

भीतीचा उपयोग कसा होतो, ते दहा वर्षांनी दिसले. १९७४ मध्ये विद्यार्थी चळवळीत पकडले गेलेले अन्वर इब्राहिम यांना महाथीरांनीच १९८२ मध्ये पक्षात आणले, वाढवले, १९९३ मध्ये उपपंतप्रधान केले. १९९८ च्या संकटात दोघांचे बिनसले. २ सप्टेंबर १९९८ रोजी अन्वर यांना पदावरून दूर केले, २० सप्टेंबरला अटक झाली. न्यायालयात आणले तेव्हा त्यांचा एक डोळा काळानिळा पडला होता. ही जखम त्यांनी स्वतःच करून घेतली असेल, असे पंतप्रधानांनी सुचवले! पुढे निष्पन्न झाले, की खुद्द पोलीस महानिरीक्षकांनी कोठडीत हात उगारला होता; त्याबद्दल त्यांना २००० मध्ये दोन महिन्यांची कैद झाली. अन्वर यांना मात्र भ्रष्टाचाराच्या आरोपाखाली सहा वर्षे आणि अनैसर्गिक संबंधांच्या आरोपाखाली नऊ वर्षे. हा दुसरा निकाल वरिष्ठ न्यायालयाने २००४ मध्ये रद्द केला. तोवर महाथीर निवृत्त झाले होते. हा योगायोग मानायचा की नाही, ते ज्याने त्याने ठरवावे.

येथे महाथीरांचे चाहते तीन मुद्दे काढतात. पहिला : त्यांनी दर खेपेस निवडणूक घेतली आणि जिंकली. दुसरा : २००३ मध्ये ते आपण होऊन पायउतार झाले, कुठला हुकूमशहा असे करतो? तिसरा, आणि खरा : देश पुढे गेला ना? मग चार न्यायाधीश आणि शेदोनशे कैदी यांचे एवढे काय घेऊन बसलात?

पहिल्या मुद्द्याला उत्तर असे, की ज्या निवडणुकीआधी वृत्तपत्राला परवान्याची धास्ती असते आणि विरोधकाला स्थानबद्धतेची, ती निवडणूक खोटी नसली तरी लंगडी असते. दुसऱ्याला उत्तर असे, की खुर्ची सोडणे हा गुण खरा. पण माणूस गेल्यावर खुर्चीत साचलेली सत्ता जात नाही. पुढच्या माणसाची ती वाट पाहत बसते. आणि तिसऱ्या मुद्द्याचे उत्तर मी देण्याची गरज नाही. ते नजीब रझाक यांनी दिले आहे.

नजीब २००९ मध्ये पंतप्रधान झाले, आणि ते व्हावेत म्हणून महाथीरांनीही खटपट केली होती. स्थानबद्धतेचा १९६० चा कायदा याच नजीब यांनी २०१२ मध्ये रद्द केला, ही गोष्ट त्यांच्या खात्यावर मांडणे न्यायाचे होईल. मात्र त्याच्या जागी दुसरा कायदा आलाच. मग 'वन एमडीबी' या सरकारी निधीचे प्रकरण उघडकीस आले. अमेरिकेच्या न्यायखात्याच्या हिशेबाने या निधीतून साडेचार अब्ज डॉलरांहून अधिक रक्कम लांबवली गेली. जुलै २०१५ मध्ये बातमी आली, की सुमारे ७० कोटी डॉलर पंतप्रधानांच्या खाजगी खात्यांत जमा झाले होते. सौदी देणगी, असे त्यांनी सांगितले.

आता त्यांनी काय केले ते पाहा. 'द एज' हे वृत्तपत्र या प्रकरणाचा पाठपुरावा करीत होते. त्याचा परवाना तीन महिन्यांसाठी स्थगित झाला. कुठल्या कायद्याने? १९८४ च्या. प्रकरणाबद्दल प्रश्न विचारणारे उपपंतप्रधान एका दिवसात घरी बसले आणि त्याच दिवशी तपास चालू असता अॅटर्नी जनरलही बदलले. उपपंतप्रधानाला असे काढता येते, हे कुणी दाखवून दिले होते? १९९८ ने. महालेखापालांचा अहवाल सरकारी गुपित ठरवून पेटीत बंद केला गेला, आणि त्यातले एक पान उघड करणाऱ्या विरोधी खासदाराला २०१६ मध्ये अठरा महिन्यांची शिक्षा सुनावली गेली. कुठल्या कायद्याने? १९८६ मध्ये ज्याला दात बसवले, त्या कायद्याने. सुटलेल्या अन्वर यांना २०१५ मध्ये पुन्हा त्याच जातीच्या आरोपाखाली पाच वर्षांसाठी तुरुंगात पाठवले गेले. नजीब यांना नवे हत्यार घडवण्याचे फारसे श्रम पडले नाहीत. बहुतेक हत्यारे घासूनपुसून, नावासकट, खुंटीला टांगलेली मिळाली.

आणि मग नियतीने तो प्रसंग घडवला, जो एखाद्या नाटककाराने लिहिला असता तर आपण त्याला अतिशयोक्तीबद्दल दोष दिला असता. महाथीर नजीब यांच्याविरुद्ध उभे राहिले. २०१६ मध्ये त्यांनी उम्नो सोडला. ५ सप्टेंबर २०१६ रोजी ते क्वालालंपूरच्या न्यायालयात गेले आणि तिथे कैदी म्हणून आणलेल्या अन्वर यांच्याशी, अठरा वर्षांनंतर प्रथमच, त्यांनी हस्तांदोलन केले. ज्या लिम किट सियांग यांना त्यांच्या सरकारने सुमारे दीड वर्ष कोंडून ठेवले, त्यांच्याशी युती केली. एप्रिल २०१८ मध्ये संस्था-निबंधकांनी महाथीरांच्या नव्या पक्षावर तांत्रिक कारणासाठी तात्पुरती बंदी घातली. प्रचारफलकांवरून निवडणूक अधिकाऱ्यांनी त्यांचा चेहरा अक्षरशः कापून काढला. आपल्या विमानात घातपाताचा प्रयत्न झाला, असे ते बोलले, तर खोट्या बातम्यांच्या नव्या कायद्याखाली त्यांच्याच मागे चौकशी लागली. न्यायालय, वृत्तपत्र, सभास्वातंत्र्य या गोष्टी कशासाठी असतात, ते बाणव्या-त्र्याण्णवाव्या वर्षी त्यांना कळले. आणि कळले तेही, त्या स्वतःला लागल्या तेव्हा.

९ मे २०१८ रोजी मलेशियाच्या मतदारांनी, स्वातंत्र्यानंतर ६१ वर्षांत प्रथमच, उम्नोची आघाडी सत्तेवरून खाली खेचली. महाथीर पंतप्रधान झाले. आठवड्याच्या आत राजाच्या माफीने अन्वर सुटले. लिम ग्वान एंग अर्थमंत्री झाले. जगभरच्या वृत्तपत्रांनी प्रायश्चित्ताची कथा रंगवली. चाहत्यांचा शेवटचा आश्रय हाच आहे : "पाहा, चूक उमगली, आणि या वयात मैदानात उतरून त्यांनी ती निस्तरली."

मला ही कथा पुरती मान्य नाही. नजीब यांना पुढे आणणे ही आपली मोठी चूक झाली, असे महाथीर म्हणाले. नेमका हाच त्यांच्या समजुतीतला दोष आहे. चूक माणूस निवडण्यात झाली नव्हती. माणूस निवडताना सगळेच चुकतात. लोकशाही ही मुळी अशा चुका गृहीत धरून केलेली व्यवस्था आहे. चूक झाली ती, निवडलेला माणूस वाईट निघाला तर त्याला अडवणारे कुणी शिल्लक न ठेवण्यात. ती कबुली त्यांनी कधी दिली नाही. सालेह अब्बास आणि त्यांचे सहकारी यांना २००८ मध्ये सरकारने सानुग्रह रक्कम दिली, पण ती अब्दुल्ला बदावी यांच्या सरकारने. बावीस महिन्यांच्या दुसऱ्या कारकिर्दीत छापखान्यांचा कायदा जागचा हलला नाही, राजद्रोहाचा कायदाही नाही. दोनएक वर्षांत पद अन्वर यांच्याकडे सोपवण्याचे वचन होते. तारीख मात्र ठरली नाही. २४ फेब्रुवारी २०२० रोजी पक्षांतराचा डाव रंगला आणि महाथीरांनी राजीनामा दिला. सरकार कोसळले आणि त्यांनीच काढलेला पक्ष त्यांना सोडून उम्नोशी जाऊन मिळाला. नोव्हेंबर २०२२ मध्ये लंकावीत ते चौथ्या क्रमांकावर राहिले आणि त्यांची अनामतही गेली. त्याच निवडणुकीनंतर अन्वर पंतप्रधान झाले.

तरीही दुसऱ्या कारकिर्दीतली एक गोष्ट मी आवर्जून जमेला धरतो. २०१९ च्या मे महिन्यात तेंगकू मैमून या सरन्यायाधीश झाल्या. त्या पदावरच्या पहिल्या स्त्री. २३ ऑगस्ट २०२२ रोजी त्यांच्याच अध्यक्षतेखालील पाच न्यायाधीशांच्या पीठाने नजीब यांचे शेवटचे अपील फेटाळले आणि माजी पंतप्रधान त्याच दिवशी तुरुंगात गेले. त्यापूर्वी २०१७ मध्ये, नजीब सत्तेवर असतानाच, तिथल्या वरिष्ठ न्यायालयाने सांगितले होते, की १९८८ च्या दुरुस्तीने न्यायसत्ता न्यायालयांकडून हिरावली जाऊ शकत नाही. म्हणजे मलेशिया सावरला तो कुणा खमक्या माणसाने नव्हे. मतपेटीने आणि न्यायासनाने सावरला. ज्या दोन गोष्टी महाथीरांनी पंगू केल्या होत्या, पण ज्या अगदीच मेल्या नव्हत्या, त्यांनी.

आता पुन्हा फराळाच्या ताटाकडे येतो. त्या गृहस्थांना मला एवढेच विचारायचे आहे. महाथीर हवा म्हणता, तो कुठला? पूल बांधणारा? तो जरूर मागा. पण न्यायाधीशाला काढल्याखेरीज पूल बांधता येत नाही, हे तुम्हांला कुणी सांगितले? पेनांगचा पूल १९८५ मध्ये खुला झाला. सालेह अब्बास १९८८ मध्ये गेले. त्यांच्या जाण्याने पुलाची एक वीटही वर चढली नाही. वाचली ती ४३ मतांनी डळमळलेली खुर्ची. आणीबाणीत गाड्या वेळेवर धावत होत्या, असे आपल्याकडेही अजून म्हणतात. पण त्याच १९७५ साली कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्षपदावरून दुर्गा भागवत बोलल्या, आणि पुढच्या वर्षी त्यांना अटक झाली. गाड्यांचे वेळापत्रक सुधारण्यासाठी दुर्गाबाईंना तुरुंगात टाकण्याची गरज होती काय? दोन निराळ्या गोष्टी एका दोरीने बांधून आपल्या गळ्यात घातल्या जातात आणि सुटी दोरी ओढायची सोय एकाच्याच हाती राहते.

संसारातला कर्ता पुरुष कसा होता, ते त्याने किती कमावले यावर ठरत नाही. तो गेल्यावर त्याच्या वाईट मुलाला घर विकता आले की नाही, यावर ठरते. ज्याने कागदपत्र नीट केले, भावाबहिणींच्या सह्या ठेवल्या, तिजोरीच्या किल्ल्या दोघांत वाटल्या, त्याचे घर वाईट मुलाच्या हातूनही वाचते. ज्याने "मी आहे ना!" म्हणून सगळ्या किल्ल्या एकाच जुडग्यात ओवल्या, त्याने घर कितीही उंच बांधलेले असो, ते त्याने पुढच्या चोरासाठी बांधलेले असते.

यापुढे कुणी आपल्याकडे खमका माणूस मागेल तेव्हा मान डोलावण्याआधी एक प्रश्न विचारावा. त्या खमक्या माणसाला जे अधिकार द्यायचे म्हणता, तेच अधिकार तुम्हांला सर्वांत नकोशा वाटणाऱ्या माणसाच्या हातात द्यायला तुमची तयारी आहे काय? कारण आज ना उद्या ते त्याच्या हातात जाणार आहेत. मलेशियात जायला फक्त सहा वर्षे लागली.